दादा, तुम्ही काय वाचलंत?

जून महिना आला की गोंदियातल्या, आमगाव-तिरोड्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. पाठ्यपुस्तकं, वह्या, गाईड, स्पर्धा परीक्षांचे जाडजूड ठोकळे... यादी दाखवायची, गठ्ठा उचलायचा, पैसे द्यायचे. त्यात गैर काहीच नाही. दुकान चाललं पाहिजे. पण एखादी बाई 'मला वाचायला काहीतरी द्या हो' म्हणाली, तर तिच्यापुढे काय येतं? पाककृती, व्रतकथा, फार तर रांगोळीचं पुस्तक! बाईला काय आवडेल, हे तिला न विचारताच ठरलेलं असतं.

मैत्रिणींनो, चांगला पुस्तकविक्रेता नुसतं पुस्तक देत नाही, त्याविषयी मतही देतो. केशवराव कोठावळे यांनी १९४२ साली मुंबईत, गिरगावात मॅजेस्टिक बुक स्टॉल सुरू केला आणि १९६४ मध्ये पुस्तकांविषयीच बोलणारं 'ललित' मासिक काढलं. मुंबईच्याच टी. एन. शानभागांचा विद्यार्थीदशेत एका दुकानात पुस्तकं चाळताना अपमान झाला होता. पुढे १९४८ मध्ये त्यांनी स्ट्रँड बुक स्टॉल काढला, तो कुणालाही मनसोक्त पुस्तकं चाळता यावीत म्हणून. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते दुकान बंद झालं, पण वाचकाला मान देण्याची ती रीत आपण का सोडावी?

आपल्याकडे तर काउंटरपाशी उभं राहून दोन पानं चाळायलाही बायकांना संकोच वाटतो. घरखर्चातून वाचवलेल्या दोन-तीनशे रुपयांत घेतलेलं पुस्तक आवडलं नाही, तर ती वर्षभर दुसरं घेत नाही. अशा वेळी काउंटरमागच्या माणसाचा एक खरा शब्द लाखमोलाचा ठरतो. 'ताई, लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे घ्या. लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकलेल्या बाईनं लिहिलंय, शेजारीण बोलतेय असं वाटतं.' किंवा, 'ऊर्मिला पवारांचं आयदान वाचा. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, त्यांची आई त्या विणायची.' आपल्या बाजारात बुरडांकडून सूप-टोपली घेणाऱ्या बाईला ते पुस्तक परकं कसं वाटेल? आणि कधी कधी, 'हे राहू द्या, तुम्हाला नाही आवडायचं,' हेही सांगावं. त्यानं एक विक्री बुडेल, पण गिऱ्हाईक जन्माचं जोडलं जाईल.

मोबाइलवर पुस्तक घरपोच येतं, सोबत चांदण्याही मोजलेल्या असतात. पण तुम्हाला दुपारी दोन ते चार एवढाच निवांतपणा मिळतो, बारीक अक्षर वाचवत नाही, हे त्या चांदण्यांना कुठलं कळणार?

म्हणून दुकानदारांना एक सुचवावंसं वाटतं. काउंटरवर एक अभिप्राय वही ठेवा. तुमच्याकडे काम करणाऱ्या मुला-मुलींना महिन्याला एक तरी पुस्तक घरी वाचायला द्या आणि त्यांचं मत दोन ओळींत त्या वहीत लिहू द्या. शाळा-कॉलेजची गर्दी ओसरली की एक फळी फक्त अशा वाचलेल्या पुस्तकांची लावा.

आणि आपण? आपणही नुसतं 'काय भाव?' विचारून थांबायचं नाही. 'तुम्ही वाचलंत का? कसं वाटलं?' हेही विचारायचं. वाचून झालं की पुन्हा दुकानात जाऊन आवडलं की नाही ते सांगायचं. भाजीवालीला आपण बिनधास्त सांगतोच ना, 'मागच्या वेळची वांगी किडकी निघाली गं' म्हणून? मग पुस्तकाच्या बाबतीतच गप्प का बसायचं?