हिरव्या त्रिकोणावर विसंबू नका

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. माझ्याकडे येणारे पुष्कळ शेतकरी हिरवा त्रिकोण पाहून ‘औषध सौम्य आहे’ म्हणून निर्धास्त असतात. पण हा त्रिकोण एवढेच सांगतो की, औषध पोटात किंवा अंगावर गेल्यास किती मात्रेने जीव जाईल. तेच औषध रोजच्या जेवणातून कणाकणाने वर्षानुवर्षे पोटात गेले तर काय, याबद्दल तो मुका आहे. माझ्या मते खरी काळजी तिथेच आहे.

थायरॉईड, अंडाशय, वृषण इत्यादी ग्रंथी संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, रक्तात सोडतात. वाढ, बुद्धी, वयात येणे, संतती हे सारे त्यांच्या हुकमावर चालते आणि त्यांची मात्रा अतिशय सूक्ष्म असते. काही रसायने या संप्रेरकांची नक्कल करतात, तर काही त्यांची वाट अडवतात. गर्भात बाळाचा मेंदू व अवयव घडत असताना असा गोंधळ झाला, तर तो जन्मभर पुरू शकतो.

पहिला इशारा मुक्या प्राण्यांनी दिला. अमेरिकेतील फ्लोरिडात अपॉपका तळ्यामध्ये 1980 साली एका कारखान्यातून डायकोफॉल व डीडीटी सांडले. त्यानंतर तिथल्या मगरी झपाट्याने घटल्या. लुई गिलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये निष्कर्ष मांडले : मादी पिल्लांच्या रक्तात ईस्ट्रोजेन स्वच्छ तळ्यातील माद्यांच्या जवळपास दुप्पट, तर नर पिल्लांत पुरुष-संप्रेरक माद्यांइतकेच कमी!

‘मगरींचे सोडा, माणसांचे काय?’ असे कोणी विचारील. अमेरिकेतच मिशिगन सरोवरातील मासे पीसीबी या औद्योगिक रसायनाने दूषित झाले होते. ते खाणाऱ्या मातांच्या मुलांची जेकबसन दांपत्याने वयाच्या 11 व्या वर्षी तपासणी केली व 1996 मध्ये अहवाल दिला. गर्भात ज्यांना सर्वाधिक पीसीबी मिळाले होते, त्यांच्यात बुद्ध्यंक कमी असण्याची शक्यता तिप्पट निघाली. आणि हे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा थोडेसेच जास्त होते.

आपल्याकडेही केरळातील कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जाई. तिथल्या मुलग्यांमध्ये वयात येण्यास उशीर होत असल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये एंडोसल्फान थांबवले. अपॉपका तळ्यातले ते डायकोफॉल मात्र आपण लाल कोळीसाठी फवारत राहिलो. त्यावर बंदी आली ती 2023 मध्ये!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, औषधाला परवाना देताना संप्रेरकांवरचा परिणाम तपासलाच पाहिजे. सुरक्षित मर्यादा ठरवताना धडधाकट माणूस नव्हे, तर गरोदर बाई आणि तान्हे मूल डोळ्यांसमोर हवे. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त खाते-पिते. भाजीपाल्याची तपासणीही तालुक्याच्या बाजारापर्यंत आली पाहिजे.

तोवर आपल्या हाती काय आहे? शेतकरी बंधूंनी फवारणीनंतर लेबलवर दिलेले दिवस भरल्याशिवाय माल तोडू नये. गृहिणींनी भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी, शक्य तिथे साल काढावी. गरम आमटी किंवा चहा प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणू नये. स्टीलचा डबा न्यावा. कीटकनाशकाचा रिकामा डबा पाण्यासाठी वा धान्यासाठी कधीही वापरू नये.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. घाबरून कोणी मुलांची भाजी-फळे बंद करू नका आणि कोणत्याही आईने अंगावरचे दूध तोडू नये. त्या दुधाचे फायदे या धोक्याहून फार मोठे आहेत. आईचे दूध थांबवणे हा उपाय नव्हे. आईच्या ताटात विष येऊ न देणे, हा खरा उपाय.