सारख्या नावांची औषधे : भांडण कंपन्यांचे, धोका तुम्हाला

'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब'. ही दोन नावे जरा भरभर उच्चारून पाहा. आता हीच नावे घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर आहेत किंवा खरखरणाऱ्या फोनवरून मेडिकलवाल्याला सांगितली जात आहेत, अशी कल्पना करा.

दोन्ही औषधे फाल्सिपेरम मलेरियावरची, म्हणून नावांची सुरुवात सारखी. पण एकात आर्टेसुनेट, तर दुसऱ्यात मेफ्लोक्विन. ज्याला फिट येतात किंवा ज्याला पूर्वी मानसिक आजार झाला आहे, अशा रुग्णाला मेफ्लोक्विन देताना आम्ही दहादा विचार करतो. म्हणजे 'मलेरियाचीच गोळी आहे ना, चालेल' असे इथे म्हणता येत नाही. गंमत म्हणजे भांडणाऱ्या कंपन्याही नावाने जुळ्याच : कॅडिला हेल्थकेअर आणि कॅडिला फार्मास्युटिकल्स!

हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००१ च्या निकालात न्यायालयाने नावावर लगेच बंदी घातली नाही, खटला खालच्या न्यायालयात चालू द्यायला सांगितले. पण एक महत्त्वाची गोष्ट ठरवून दिली. इतर मालाच्या नावात गोंधळ झाला तर पैशाचे नुकसान होते, औषधाच्या नावात झाला तर जीव जाऊ शकतो. म्हणून औषधांच्या नावांना कसोटी अधिक कडक हवी. 'डॉक्टर आणि फार्मासिस्ट शिकलेले असतात, ते चुकणार नाहीत' हा युक्तिवादही न्यायालयाने मानला नाही. बरेच झाले. रात्री साडेनऊला, ओपीडीतला शेवटचा रुग्ण तपासताना माझे अक्षर कसे होते, ते मला ठाऊक आहे.

तरीही असे खटले थांबले नाहीत. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'कँडिड-बी' आणि 'क्लोडिड-बी' या नावांचा वाद आला. नक्कल करणाऱ्या कंपनीला दीड कोटी रुपये भरावे लागले. ते केरळच्या पूरग्रस्तांच्या मदतनिधीला गेले.

मला खटकते ते हे की या सगळ्या खटल्यांत फिर्यादी नेहमी दुसरी कंपनीच असते. तिचा धंदा बुडतो म्हणून ती कोर्टात जाते. ज्याने चुकीची गोळी गिळली, त्याला पुष्कळदा ते कळतही नाही. 'औषध लागू पडले नाही' म्हणून तो डॉक्टर बदलतो.

२०१९ पासून आपल्याकडे कंपनीला लिहून द्यावे लागते की आमचे नाव दुसऱ्या औषधाशी गोंधळ होईल असे नाही. पण ही खात्री करायची कोणी? कंपनीनेच! परीक्षा देणाऱ्याने स्वतःचा पेपर तपासावा, तसे हे झाले. अमेरिकेत नाव मंजूर करण्यापूर्वी ते नमुन्याच्या चिठ्ठ्यांवर लिहून आणि बोलून तपासतात, वाचणारा-ऐकणारा चुकतो का ते पाहतात. एवढे करूनही तिथे 'ब्रिंटेलिक्स' हे नैराश्यावरचे औषध आणि 'ब्रिलिंटा' हे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायचे औषध यांत गोंधळ झाला आणि २०१६ मध्ये पहिल्याचे नाव बदलावे लागले. आपल्याकडेही ही तपासणी सरकारनेच, नाव बाजारात येण्याआधी करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर तुम्ही एवढे करा. औषध घेताना ते कशासाठी आहे, हेही मेडिकलवाल्याला सांगा. 'बीपीची गोळी' म्हटल्यावर त्याच्या हातात मधुमेहाची स्ट्रिप असेल, तर तो तिथेच थांबेल. स्ट्रिपवर मूळ घटकाचे नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम बहुतेक औषधांना २०१८ पासून लागू आहे. ते नाव चिठ्ठीशी जुळवा. चिठ्ठीवर ते नसेल किंवा वाचता येत नसेल, तर डॉक्टरांना ते सुवाच्य, मोठ्या अक्षरांत लिहून मागा. संकोच करू नका. आणि गोळ्या सुट्या घेताना नाव छापलेला तुकडा कापून टाकू देऊ नका. माझ्याकडे रुग्ण अनेकदा असे चंदेरी तुकडे घेऊन येतात आणि विचारतात, 'डॉक्टर, ही कशाची गोळी आहे?' नाव नसलेल्या तुकड्यावरून मलाही ते सांगता येत नाही.