बुऱ्हाणपूरच्या आमदारांकडे आपण काय मागितले?

आपण ‘बुऱ्हाणपूर’ म्हणतो. तापीकाठच्या सरकारी पाट्या ‘बुरहानपुर’ म्हणतात. तेथील आमदारांच्या आडनावाचेही तसेच झाले आहे. ‘चिटणीस’ हा मराठेशाहीच्या दफ्तरातला शब्द. तिकडे तो ‘चिटनिस’ असा लिहिला जातो. दोन्हीकडे गळाला तो ‘ण’च. लोकांच्या तोंडी त्या ‘अर्चनादीदी’. रावेरात असत्या तर ताई झाल्या असत्या.

अर्चना चिटणीस 2003 मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे नेपानगरातून निवडून आल्या. पुढे तो मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाल्यावर त्या बुऱ्हाणपुरातून उभ्या राहिल्या. 2008 आणि 2013 मध्ये जिंकल्या, 2018 मध्ये अपक्ष सुरेंद्रसिंह शेरा यांच्याकडून हरल्या आणि 2023 मध्ये पुन्हा निवडून आल्या. पराभवानंतर त्याच मतदारसंघात परत उभे राहून जिंकणे हे राजकारणात सोपे नसते, स्त्रीला तर नाहीच. पक्षभेद बाजूला ठेवून त्यांच्या चिकाटीचे कौतुक केले पाहिजे.

माझे लक्ष मात्र त्यांनी सांभाळलेल्या खात्यांकडे जाते. आधी शालेय शिक्षण, नंतर महिला व बालविकास. मुलाची घरची भाषा आणि राज्याची भाषा यांची पहिली गाठ जिथे पडते, त्या दोन जागा म्हणजे अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा. त्या याच दोन खात्यांकडे असतात. आई मुलाशी मराठीत बोलते आणि त्याची पाटी हिंदीत सुरू होते. शहापूरच्या मराठी घरांना हे वेगळे सांगायला नको.

1956 मध्ये जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. ती रेषा आता हलेल असे मला वाटत नाही, आणि तिच्यावर आपण शाई पुष्कळ खर्च केली आहे. राज्यघटनेचा 350-अ हा अनुच्छेद मात्र रेषा हलवायला सांगत नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक प्राधिकरणांनी करावा, एवढेच तो म्हणतो. अनुच्छेद 210 नुसार, सभागृहाच्या भाषांत नीट व्यक्त होऊ न शकणाऱ्या सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. चिटणीस यांचे वडील ब्रजमोहन मिश्र हे स्वतः मध्य प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष होते. त्या आसनाचे अधिकार त्यांना दुसऱ्याने समजावून देण्याची गरज नाही.

म्हणून मागणी त्यांच्याकडेच न्यावी. मराठी मुले पुरेशी असतील त्या शाळांत पहिली ते पाचवी मराठी शिकवणारा एक शिक्षक आणि अंगणवाडीत मराठी गाण्यागोष्टींची पुस्तके, एवढ्यापासून सुरुवात व्हावी. खाते आतून पाहिलेल्या आमदाराला अशा मागणीचा कागद कोणत्या टेबलावर अडतो हे ठाऊक असते.

मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला आपण वीज, पाणी, केळीचा भाव विचारतो. ते रास्तच आहे. भाषेचे नाव काढताना मात्र आपणच संकोचतो, आणि जनगणनेचा प्रगणक आला की मातृभाषेच्या रकान्यात ‘हिंदी’ सांगून मोकळे होतो. शासनाला संख्या दिसते ती त्या रकान्यातूनच. पुढच्या वेळी तिथे ‘मराठी’ लिहवून घ्या, आणि तोवर सह्यांचा अर्ज तयार ठेवा.