चाकांवरची शाळा आणि पुढे ओढलेली शिल्लक

दिवाळी सरली की खांडबारा परिसरातील पाड्यांवर अनेक घरांना कुलपे लागतात. ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये धान्याची पोती, भांडीकुंडी, गोधड्या आणि मुले चढतात. हा सारा संसार बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी या दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांच्या ऊसपट्ट्याकडे निघतो आणि उन्हाळ्यात परततो. वर्षातील जवळजवळ अर्धा काळ ही मुले आईवडिलांबरोबर पडावावर असतात.

याच काळात महाराष्ट्रातील काही सुस्थित कुटुंबेही मुलांना घेऊन दीर्घ प्रवासाला निघू लागली आहेत. घरासारख्या सजवलेल्या गाड्यांतून देश पाहावा आणि मुलांचा अभ्यास आईने किंवा वडिलांनी प्रवासातच घ्यावा, अशी ही कल्पना. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. पहिल्या मुलाची नोंद ‘शाळाबाह्य’ अशी होते, तर दुसऱ्याचे ‘अनुभवातून शिक्षण’ म्हणून कौतुक होते. चाके दोघांच्याही पायाखाली आहेत आणि दोघांसोबत आईवडील आहेत. मग फरक नेमका कोठे पडतो, हे हिशेब जाणणाऱ्या व्यापारी कुटुंबांनी तरी पाहिले पाहिजे.

प्रवास शिकवतो, यात शंका नाही. खांडबाऱ्याहून सुरतेकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्गच घ्यावा. पुढे नवापूरचे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत विभागलेले आहे. राज्याची सीमा म्हणजे काय, हे मुलाला तेथील फलाटावर उभे राहून कळते. त्याहून पुढे तापीवरील उकाईचे धरण भूगोल आणि विस्थापनाचा इतिहास एकाच वेळी समोर ठेवते. नंदुरबारचा मिरची बाजार आणि नवापूरची मानांकन लाभलेली तूरडाळ यांतून वजन, घट, उतारा आणि भाव यांची गणिते सहज उभी राहतात. चौकस पालकाला पाठ्यपुस्तकाची उणीव भासू नये, इतके साहित्य या एका मार्गावर आहे.

तथापि पाहणे आणि शिकणे यांत अंतर असते. प्रवासात बोलतो तो पालक; मूल ऐकते आणि पुढच्या गावी विसरते. ज्या कुटुंबांत असे शिक्षण यशस्वी होते, तेथे काही साधे नियम पाळले जातात. अभ्यासाची वेळ रोज ठरलेली असते, मग गाडी कोठेही उभी असो. पाहिलेल्या गोष्टीवर मुलाने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहायच्या असतात. गणित मात्र क्रमानेच चालते. ते आज अपूर्णांक आणि उद्या व्याज असे वाटेतील दृश्यांवर सोपवून चालत नाही. आणि आठवड्याअखेर मागील सर्व पाठाची उजळणी होते. थोडक्यात, रोजकीर्द रोज लिहिली जाते आणि शिल्लक पुढे ओढली जाते.

ही शिल्लक केवळ मुलाच्या डोक्यात असून भागत नाही. ती कागदावरही यावी लागते. मुंबईच्या मालविका जोशी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सातवीच्या सुमारास शाळा सोडून त्यांनी आईच्या मार्गदर्शनाखाली घरीच अभ्यास केला. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये भारतासाठी पदके मिळवली आणि 2016 मध्ये अमेरिकेतील प्रख्यात एमआयटी संस्थेत प्रवेश मिळवला. परंतु बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आपल्याकडील आयआयटीचे दार त्यांना बंद होते. ज्ञान होते, पण येथील नियमांना मान्य होईल अशी नोंद नव्हती. म्हणून घरी वा प्रवासात शिकवणाऱ्या पालकांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था किंवा राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ यांच्या परीक्षांचे वेळापत्रक आरंभीच पाहून ठेवावे. सुस्थित कुटुंबाला ही चौकशी कठीण नसते.

ट्रेलरमधील मुलाचे काय? त्याला अनुभवाची वाण नाही. कोयता कसा धरावा, मोळी कशी बांधावी, बैलांना वैरण केव्हा घालावी, हे तो जाणतो. धाकट्या भावंडाला सांभाळणे त्याच्याकडेच असते. घरी मावची वा भिली बोलणारे हे मूल शाळेत नुकतीच मराठी शिकू लागलेले असते, तोच पडावाजवळच्या शाळेत गुजराती अक्षरे समोर येतात. आई पहाटेपासून फडात असते. सायंकाळी पाटी हाती घेण्याइतके त्राण तिच्यात उरत नाही. त्यामुळे मागील शिल्लक पुढे ओढलीच जात नाही. दर पावसाळ्यात नवी वही आणि पुन्हा पहिले पान, असे दोनतीन वेळा झाले की मूल शाळेत येणेच सोडते.

या हानीचे मोल एका हिशेबावरून समजेल. समजा, एका जोडप्याने हंगामापूर्वी 30,000 रुपये उचल घेतली आणि हंगामात 120 टन ऊस तोडला. टनाला 400 रुपये धरल्यास मजुरी 48,000 होते. उचल वजा जाता हाती 18,000 यावेत. पण उचल दीडपटीने वसूल करण्याची रीतही या धंद्यात आढळते. तसे झाल्यास 45,000 कापले जातात आणि हाती केवळ 3,000 उरतात. हा गुणाकार आणि ही वजाबाकी पाचवीच्या मुलाच्या आवाक्यातील आहे. ज्या घरात ती करू शकणारे एकही माणूस नाही, त्या घराने मुकादमाच्या वहीवर विश्वास ठेवण्यावाचून दुसरे काय करावे? शिक्षणाचा खरा व्यवहार येथे आहे.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. शिक्षणाच्या हक्काचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश, मागे पडल्यास विशेष प्रशिक्षण आणि राज्याबाहेरही दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क त्याने दिला. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलाची इयत्ता आणि प्रगती नोंदवून देणारे ‘शिक्षण हमी पत्रक’ महाराष्ट्रात आहे. आईवडील बाहेर गेले तरी मुलाला गावातच राहून शिकता यावे, यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. परंतु ज्याच्यासाठी हे सारे केले, त्या पालकाला त्याची माहिती निघण्याच्या आधी मिळावी लागते.

आणि निघण्याच्या आधी हा पालक हमखास जेथे येतो, ते ठिकाण म्हणजे बाजारपेठ. उचलीचा पैसा हाती पडला की धान्य, तेलमीठ, कापड, ताडपत्री यांची खरेदी गावच्या दुकानांतूनच होते. कोणते कुटुंब केव्हा जाणार आणि केव्हा परतणार, हे शिक्षकाच्याही आधी दुकानदाराला कळते. सामान बांधताना ‘मुलाचे पत्रक घेतले का? तो आजीजवळ राहून शिकू शकेल का?’ एवढी विचारपूस करण्यास काहीच खर्च येत नाही. जाणाऱ्या कुटुंबांची नावे मुख्याध्यापकांना वेळेवर कळवली, तर वसतिगृहाची मागणीही वेळेवर नोंदवता येईल. ज्या मुलाला बरोबर न्यावेच लागणार आहे, त्याच्या पिशवीत एक वही, पेन्सिल आणि मराठी अंकलिपी टाकता येईल. उन्हाळ्यात कुटुंब परतले की ती वही पाहायला मागावी. कोणी तरी पाहणार आहे, हे ठाऊक असले की मूल लिहिते.

ज्या घरांतील मुले यंदा सुट्टीत दूरच्या प्रवासाला निघणार आहेत, त्या घरांनी रोजची पाने त्यांच्याकडून अवश्य लिहून घ्यावीत. त्याच दिवसांत आपल्या पेढीसमोरून गेलेल्या ट्रेलरमध्ये त्यांच्याच वर्गातील एखादे मूल होते का, हेही त्यांना विचारावे. त्या मुलाचे नाव मुलांना ठाऊक असेल. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ते वर्गात परतले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी.