सीमेवरचा हिवताप आणि पंधरा रुपयांचा पहारा

मिझोरमच्या लाँगतलाई जिल्ह्याच्या पश्चिमेला बांगलादेश आहे आणि पूर्वेला म्यानमार. फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठावानंतर म्यानमारच्या चिन प्रांतातून तीस हजारांहून अधिक लोक मिझोरमच्या आश्रयाला आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने या सीमेवरील मुक्त संचार व्यवस्था गुंडाळण्याची आणि १,६४३ किलोमीटरच्या संपूर्ण भारत-म्यानमार सीमेला कुंपण घालण्याची घोषणा केली. सुरक्षेच्या अंगाने त्यावर दुमत असू शकते. हिवतापापुरते बोलायचे, तर कुंपणावर भिस्त ठेवणे चुकीचे ठरेल, असे माझे मत आहे.

कारण रोगाच्या स्वभावातच दडले आहे. डास चावल्यापासून फाल्सिपेरम हिवतापाचा ताप चढेपर्यंत साधारणतः दहा ते चौदा दिवस जातात. या काळात माणूस धडधाकट दिसतो. नाक्यावरील तापमापकाला तो सापडत नाही. ताप येतो तो गावात, किंवा आरोग्य केंद्रापासून दूर झूम शेतीवरच्या खोपटात. तिथे सर्वांत आधी पोहोचू शकते ती गावातलीच आशा स्वयंसेविका. ती बोटातून रक्ताचा थेंब घेते, जलद निदान चाचणी करते आणि निकाल हाती येताच वयोगटानुसार रंग ठरवलेल्या पाकिटातील गोळ्या सुरू करते. उपचार वेळेवर झाले, तर त्या रुग्णाकडून डासांमार्फत शेजारघरी पोहोचणारा रोग थांबतो. वेळ दवडल्यास काय घडते, हे त्रिपुराने २०१४ मध्ये पाहिले. धलाईसारख्या सीमावर्ती डोंगराळ जिल्ह्यांत तेव्हा उसळलेल्या हिवतापाच्या साथीत अनेक लहान मुले दगावली.

प्रश्न एकट्या ईशान्येचा नाही. जुन्या औषधांपैकी एक तिथे निकामी ठरू लागल्याने २०१३ पासून ईशान्येत उर्वरित देशापेक्षा वेगळी औषधजोडी वापरली जाते. आर्टेमिसिनिनला पूर्वीसारखी दाद न देणारे परजीवी म्यानमारमध्ये आढळले आहेत. असे परजीवी पश्चिमेकडे सरकू नयेत, यासाठी प्रत्येक रुग्ण शोधणे आणि त्याने औषधे पूर्ण घेणे अत्यावश्यक आहे.

हे काम आपण कोणत्या अटींवर करवून घेतो? २००५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आज सुमारे दहा लाख आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरवही केला. मात्र त्या कर्मचारी नव्हेत, ‘स्वयंसेविका’ मानल्या जातात. हिवतापाच्या एका तपासणीमागे १५ रुपये आणि एका रुग्णाच्या पूर्ण उपचारामागे ७५ रुपये, असा दर केंद्राच्या योजनेत अनेक वर्षे राहिला. या पद्धतीतील विसंगती उघड आहे. आशाने काम चोख केले, की रुग्ण घटतात आणि त्याबरोबर तिचा मोबदलाही. २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. पण निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात पहारा सर्वाधिक कडक हवा, आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत कमी किमतीचा ठरतो.

म्हणून सीमावर्ती गावांतील आशांना रुग्णसंख्येशी न जोडलेले निश्चित मासिक मानधन मिळायला हवे. ‘या महिन्यात एकही रुग्ण नाही’ हा तिचा अहवालही तितकाच मोलाचा मानला जावा. दुसरी गोष्ट विश्वासाची. तापाने फणफणलेल्या निर्वासिताला आशा आपली कागदपत्रे तपासेल, अशी धास्ती वाटली, तर तो आजार लपवील आणि त्याची झळ सर्वप्रथम भारतीय गावकऱ्यांनाच बसेल. तेव्हा ओळख पडताळणीच्या कामापासून आशांना कटाक्षाने दूर ठेवावे. तशी लेखी हमी राज्य सरकारांनी द्यावी. कुंपणावर कोट्यवधी रुपये खर्च करण्याची तयारी असलेल्या देशाला हा खर्च परवडणार नाही, असे म्हणता येणार नाही.