पदर खोचला, की झालं?

वरवंडजवळच्या एका वस्तीवर 'सुरक्षित स्वयंपाकघर' या विषयावर बायकांची बैठक होती. माहिती द्यायला आलेल्या भाऊंनी टाकी, रेग्युलेटर, नळी सगळं नीट दाखवलं. शेवटी म्हणाले, "बायांनो, पदर खोचत चला. अपघात होतात ते तुमच्या घाईनं." मागं बसलेली एक बाई म्हणाली, "गॅसचं समजलं, भाऊ. पण घरातला माणूसच पेटलेला असला, तर त्याचं बटण कुठं असतं?" हशा झाला. मग सगळ्या एकदम गप्प झाल्या.

त्या गप्प होण्याबद्दल मला लिहायचं आहे.

घरातल्या आगीची चर्चा नेहमी बाईच्या पदरापाशी सुरू होते आणि तिथंच संपते. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यातल्या अंदाजानुसार २००१ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ६३ हजार माणसं आगीमुळे दगावली. त्यांत सुमारे १ लाख ६ हजार बाया होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. हा आकडा पोलिसांच्या नोंदींच्या सहा पट होता. स्वयंपाक बायाच करतात म्हणून बायाच भाजतात, असं कुणी म्हणेल. पण सासूही जन्मभर चुलीपुढं बसलेली असते. मग भडका तरण्या सुनेलाच का गाठतो?

पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. तो आगीनं झाला नव्हता. पुढं १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या नवऱ्याला निर्दोष सोडलं. पण या प्रकरणानं पुण्यातल्या बाया रस्त्यावर आल्या, आणि घरातला मृत्यू ही घराची खाजगी बाब नाही, हे मोठ्यानं बोललं जाऊ लागलं. देशभरच्या अशा लढ्यांतून १९८३ मध्ये ४९८-अ आणि १९८६ मध्ये ३०४-ब ही कलमं आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती अनुक्रमे ८५-८६ आणि ८० झाली आहेत. आकडे बदलले तरी "स्टोव्हचा भडका उडाला" हे वाक्य अजून मेलेलं नाही. आता स्टोव्हच्या जागी गॅस आला, एवढंच.

मात्र आपण कार्यकर्त्यांनीही एक चूक टाळली पाहिजे. प्रत्येक जळीत हा खून नसतो. काही बायांनी छळाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतलेलं असतं आणि काही वेळा तो खराच अपघात असतो. पण अपघातालाही कारणं असतात. शेगडी टाकीपेक्षा उंच हवी, म्हणजे ओटा हवा. गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो; आणि आपल्याकडे एका खोलीत खाली शेगडी, शेजारी चूल, तिथंच पोरं झोपलेली. ऊसतोडीला येणाऱ्या बाया तर पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीपुढं पहाटेच्या अंधारात चूल पेटवतात. वाऱ्यानं एक ठिणगी उडाली की संसार खाक. या बाईला कसली घाई असते? कोयता घेऊन फडात वेळेवर पोचायची. तिला निष्काळजी म्हणायचं, आणि कोपी देणाऱ्या कारखान्याला, मुकादमाला काहीच विचारायचं नाही?

म्हणून बैठकीत दोन्ही शिकवावं. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं बटण दाबू नका, बाहेर पडून १९०६ ला फोन करा. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. १०८ ची गाडी बोलवा.

आणि त्याच बैठकीत हेही सांगा: भाजलेल्या बाईजवळ सासरच्या माणसांआधी आपली बाई पोचली पाहिजे. एका सरकारी दवाखान्यात मी पाहिलं आहे. सासू उशाशी उभी असताना ती पोर "चहा करताना पदर पेटला" एवढंच म्हणत राहिली. सासू चहाला खाली गेली, तेव्हा तिनं माझा हात धरून विचारलं, "माझ्या पोरीला कोण बघंल?" जबाब तेवढाच राहिला. म्हणून जबाब घेताना नातेवाइकांना बाहेर काढा, असा आग्रह धरावा. ती शुद्धीवर आणि बोलण्याच्या स्थितीत आहे अशी जबाब घेणाऱ्याची खात्री असेल, तर केवळ डॉक्टरांचा दाखला नाही म्हणून मृत्यूपूर्व जबानी फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितलं आहे. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाई अशी गेली, तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीची मागणी करा.

पण त्याच्या कितीतरी आधी, घरातून आरडाओरडा ऐकू येतो तेव्हाच दार वाजवायला हवं. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते. तिथं दोन विषय मांडूया: घरकुलात ओटा आहे का, आणि गावात कोणत्या घरात बाई मार खाते आहे. दुसरा विषय काढला की कुणी म्हणेल, "हा घरातला मामला आहे."

आग लागल्यावर घरातला मामला म्हणून कुणी थांबतं का? शेजारी बादली घेऊन धावतातच ना?