सात दिवसांचे व्हेनिस

युरोपच्या सहलीचा बेत आखणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढे जे छापील पत्रक येते, त्यात व्हेनिसच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवसच आलेला असतो. बस त्रोन्केत्तो बेटावरील वाहनतळाशी थांबते, मंडळी लाँचने सान मार्को चौकाजवळ उतरतात, काचकामाचे प्रात्यक्षिक पाहतात, गोंडोलात अर्धा तास बसतात, छायाचित्रे काढतात आणि दिवेलागणीपूर्वी पुढच्या देशाची वाट धरतात. वर्षानुवर्षे साठविलेल्या शिलकीतून, कित्येकदा निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून, असा प्रवास आयुष्यात एकदाच घडतो. म्हणूनच त्या अर्ध्या दिवसाचा हिशेब नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हा हिशेब चुकतो तो एका स्वाभाविक मोहामुळे. विमानभाडे प्रचंड असते. शेंगेन व्हिसाचे शुल्क 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो झाले. एक शहर पाहिले काय अन् सहा देश पाहिले काय, ही रक्कम तेवढीच पडते. मग जितके देश अधिक, तितका प्रत्येक देश स्वस्त पडला, असे मनाला वाटू लागते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यातील खोट दाखविता यावी. स्थिर खर्च एकदा झाला की पुढचा निर्णय त्याच्या आधारे घ्यावयाचा नसतो. तो जे साधन दुर्मीळ असेल त्याच्या आधारे घ्यावयाचा असतो. प्रवाशापाशी दुर्मीळ असते ती उजेडाची वेळ आणि पायांतील बळ. दर मुक्कामाच्या बदलात सामान बांधणे, उतारगृह सोडणे, महामार्गावर चार-पाच तास काढणे आणि पुन्हा सामान उघडणे यांत ही दोन्ही साधने खर्ची पडतात. पत्रकात मात्र त्या खर्चासाठी रकाना नसतो.

ज्या शहराला हे पाहुणे धावती भेट देतात, त्या शहराच्याही काही तक्रारी आहेत. व्हेनिसने 2024 च्या 25 एप्रिलपासून, मुक्काम न करता दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून 5 युरो प्रवेशशुल्क घेण्यास प्रारंभ केला. पहिल्या वर्षी ते गर्दीच्या 29 दिवसांपुरते होते. 2025 मध्ये दिवस 54 झाले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी शुल्क 10 युरो करण्यात आले. सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात ते लागू होते, आणि शहरात रात्र काढणाऱ्यांना त्यातून सूट होती. ते उतारगृहाच्या बिलातून वेगळा कर भरतात. पहिल्या वर्षी या मार्गाने सुमारे 24 लाख युरो जमा झाले. उत्पन्न म्हणून ही रक्कम वाईट नव्हे. परंतु गर्दीला आवर घालण्याचा उपाय म्हणून या शुल्काकडे पाहिले तर ते लटके ठरते. सान मार्को चौकातील नामांकित कॉफीगृहात बसून एक पेला कॉफी घेतली तरी 5 युरोहून अधिक मोजावे लागतात. हजारो मैलांवरून येणारा मनुष्य एवढ्याशा रकमेने परत फिरेल, असे शुल्क ठरविणाऱ्यांना खरोखरच वाटत होते काय?

या शहराचे दुखणे याहून जुने आहे. 1951 मध्ये व्हेनिसच्या ऐतिहासिक भागात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. 4 नोव्हेंबर 1966 रोजी पाणी 194 सेंटिमीटरपर्यंत चढले आणि तळमजल्यांवरील बिऱ्हाडे उद्ध्वस्त झाली. त्याच्या आधीपासूनच समोरच्या किनाऱ्यावरील मेस्त्रे आणि मार्गेरा येथील कारखाने व कोरडी, स्वस्त घरे लोकांना बोलावीत होती. पुढे पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने घर देणे हे भाडेकरू ठेवण्याहून किफायतशीर झाले, आणि उरलेसुरले लोकही निघू लागले. 2022 मध्ये ही वस्ती 50,000 च्या खाली गेली. दुसऱ्या वर्षी तर पर्यटकांसाठीच्या खाटांची संख्या रहिवाशांच्या संख्येपेक्षा अधिक झाल्याचे स्थानिक गणनेत आढळले. रिआल्टो पुलाजवळील सान बार्तोलोमिओ चौकात एका औषधांच्या दुकानाच्या काचेआड 2008 पासून रहिवाशांचा चालू आकडा लावलेला आहे. औषधाच्या दुकानातच तो लावावा, हा योगायोग मोठा बोलका म्हणावा लागेल.

येथे एक आक्षेप रास्त आहे. अर्ध्या दिवसाचा पाहुणा खाट अडवीत नाही. आठवडाभर राहणारा मात्र सात रात्री ती अडवितो, मग तोच अधिक अपराधी नव्हे काय? आक्षेप सहजासहजी टाळता येण्यासारखा नाही. तथापि, कोणती खाट, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कुटुंबाच्या राहत्या घराची पर्यटकी खोली झालेली असेल तर तेथे उतरणारा त्या प्रक्रियेला हातभार लावतो; मुळातच उतारगृह म्हणून चालणाऱ्या वास्तूत राहणारा तसे करीत नाही. ज्यांच्या खिशाला बेटावरचे भाडे परवडत नाही, त्यांना मेस्त्रे आहेच. तेथून आगगाडी दहा-बारा मिनिटांत सांता लुचिया स्थानकात पोहोचविते. मात्र व्हेनिसची रात्र त्यात हुकते आणि तो तोटा लहान नाही. कारण गर्दी ओसरल्यावरच या गल्ल्यांतून पावलांचा आवाज ऐकू येतो.

आठवड्याचा खर्चही वाटतो तितका भयंकर नसतो. व्हापोरेत्तो या सार्वजनिक नौकेचे सुटे तिकीट 2024 मध्ये 9.50 युरोला होते आणि सात दिवसांचा पास 65 युरोला. म्हणजे सातव्या फेरीलाच पासाची किंमत वसूल होते. रहिवाशाला हाच प्रवास दीड युरोत पडतो. हा पक्षपात असल्याची कुरकुर पाहुणे करतात, ती अनाठायी आहे. त्या नौका कुणाला कचेरीला व कुणाला शाळेला नेण्यासाठी आहेत, आणि तेथे राहणाऱ्याला दुसरे वाहनच नाही. गोंडोला हा मात्र निव्वळ विलास होय. 90 युरोत अर्धा तास मिळतो. त्यासाठी हात आखडता घेतला तर फारसे काही बिघडत नाही.

सात दिवसांत काय पाहावे, याची घड्याळवार यादी करण्याचे कारण नाही. त्या यादीपायीच तर अर्ध्या दिवसाची सहल जन्मास आली. राजप्रासाद आणि सान मार्कोचे मंदिर यांची वेळ आगाऊ नोंदवून सकाळीच जावे. तिंतोरेत्तोने 1564 पासून दोन तपांच्या आसपास ज्या सान रोक्कोच्या भिंती व छते चित्रांनी भरली, तेथे मात्र एक अख्खी दुपार द्यावी. रिआल्टोचा बाजार सकाळीच पाहावा. रविवारी तो बंद असतो आणि सोमवारी मासळी नसते. 1516 मध्ये ज्यूंना जेथे कोंडण्यात आले, त्या घेट्टोतील घरे एवढी उंच का, याचा उलगडा तेथे उभे राहिल्यावर होतो: विस्तारास जागाच नव्हती. भरतीच्या पाण्याची धास्ती प्रामुख्याने हिवाळ्याच्या तोंडावर असते. परंतु खाजणाच्या मुखाशी बसविलेले प्रचंड दरवाजे ऑक्टोबर 2020 मध्ये प्रथमच पाणी अडविण्यासाठी उचलले गेले आणि ती धास्ती आता बरीच उणावली आहे. नोव्हेंबर स्वस्तही असतो आणि निवांतही.

एक दिवस तोर्चेल्लोसाठी राखून ठेवावा. फोंदामेन्ते नोव्हे धक्क्यावरून 12 क्रमांकाची नौका मुरानो आणि बुरानोच्या वाटेने तिकडे नेते. व्हेनिस वैभवाला चढण्यापूर्वी तोर्चेल्लो हे गजबजलेले नगर होते. तेथील मंदिराची स्थापना 639 मधील. पुढे खाजण गाळाने भरले, हिवताप आला, आणि लोक घरांचे दगडदेखील उपसून दुसरीकडे बांधकामाला घेऊन गेले. आज तेथे बोटांवर मोजता येतील इतकीच माणसे राहतात. पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्यायनिवाड्याचे भव्य कुट्टिमचित्र आहे. ते पाहून बाहेर आले की गवत, एक कालवा आणि नौकेचा धक्का. परतीच्या नौकेत बुरानोच्या धक्क्यावर काही माणसे भाजीच्या पिशव्या घेऊन उतरतात आणि रंगीत घरांकडे चालू लागतात.